एक रुपयाच्या तिकिटामागची नियमावली

ऑगस्ट २००३ मध्ये बेंगळुरूच्या एअर डेक्कन या कंपनीने अठ्ठेचाळीस आसनांच्या लहान विमानांनी दक्षिण भारतात नियमित प्रवासी सेवा सुरू केली, आणि भारतातील कमी खर्चाच्या विमानवाहतुकीचा आरंभ तेव्हापासून मानला जातो. या घटनेची कथा बहुधा एका जिद्दी माणसाची कथा म्हणून सांगितली जाते. कंपनीचे संस्थापक कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनी स्वतः ती तशी लिहिली, पुढे तमिळ आणि हिंदी चित्रपटांनीही ती तशीच रंगवली, आणि तिच्यात तथ्य आहेच. तथापि कोणती विमाने घ्यायची, कोणत्या गावांना जोडायचे, पैसा कधी संपला आणि कंपनी कोणाच्या हाती गेली, हे प्रश्न एकेक करून तपासले, तर प्रत्येक उत्तराच्या मुळाशी एखादा कर, एखादी सवलत किंवा एखादी सरकारी अट सापडते. स्वस्त तिकीट बाजारात आले ते नियमावलीतल्या फटींमधून, आणि पुढे कंपनीचा सौदा झाला त्यालाही नियमावलीतलेच एक कलम कारणीभूत ठरले.

ही सेवा बेंगळुरूत जन्मली हा योगायोग नव्हता. या शहराचे विमानांशी नाते जुळवले ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. म्हैसूर संस्थानाकडून जमीन व भांडवल मिळवून त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदवली. त्या वेळी सर मिर्झा इस्माईल म्हैसूरचे दिवाण होते, आणि संस्थानात कारखानदारी वाढावी हे त्यांचे धोरण होते. महायुद्धामुळे १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचा ताबा घेतला आणि वालचंदांचा संबंध संपला. विमान, मोटार आणि जहाज या तिन्हींच्या कारखान्यांची पायाभरणी करणाऱ्या या उद्योजकाला विमानाच्या कारखान्यात जेमतेम सव्वा वर्ष मिळाले. कारखाना आणि त्याची धावपट्टी मात्र राहिली. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेच्या विमानतळावरच २००८ पर्यंत बेंगळुरूची सारी नियमित प्रवासी वाहतूक चालत असे. लष्करी किंवा कारखान्याच्या धावपट्टीलगत प्रवाशांसाठी राखलेल्या अशा आवाराला नागरी उड्डाण खात्यात ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात. पुण्याचे लोहगाव आणि गोव्याचे दाबोळी ही त्याचीच आपल्या परिचयाची उदाहरणे होत. कारखान्याभोवती प्रयोगशाळा, हवाई दलाची केंद्रे आणि प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, त्यामुळे निवृत्त वैमानिक, देखभाल अभियंते व कुशल तंत्रज्ञ यांचा असा साठा शहरात तयार झाला, की मुंबई-दिल्ली सोडल्यास इतरत्र तो क्वचितच मिळाला असता.

गोपीनाथ हे हासन जिल्ह्यातील गोरूरचे. सैन्यात सुमारे आठ वर्षे काढून, १९७१ च्या युद्धात भाग घेऊन ते गावी परतले, तेव्हा हेमावती नदीवरील धरणात कुटुंबाची जमीन बुडाली होती आणि मोबदला म्हणून जावगलजवळ माळरान मिळाले होते. कोयना किंवा उजनीच्या काठची जुनी कुटुंबे ज्या वळणावरून गेली, त्याच वळणाची ही हकिकत आहे. तेथे त्यांनी रेशीमशेती केली आणि तिच्यातील प्रयोगांसाठी १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पारितोषिक मिळाले. सैन्यातील मित्र कॅप्टन के. जे. सॅम्युएल यांच्यासोबत त्यांनी शहराच्या उत्तरेकडील जक्कूरच्या छोट्या धावपट्टीवरून १९९७ मध्ये हेलिकॉप्टर भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. डेक्कन एव्हिएशन असे त्या कंपनीचे नाव होते. निवडणुकीतील पुढारी, खाणींचे सर्वेक्षण करणारे आणि तीर्थयात्री असे नाना प्रकारचे गिऱ्हाईक तिला मिळत गेले. विमान कंपनीच्या दृष्टीने या काळातील खरी कमाई वेगळीच होती. परवाने कसे मिळतात, देखभालीच्या नोंदी कशा ठेवाव्या लागतात आणि देशाच्या कोणत्या कोपऱ्यात वापराविना पडलेली धावपट्टी आहे, याची माहिती या सहा वर्षांत गोळा झाली.

अशा धावपट्ट्या पुष्कळ होत्या, आणि त्या ओस का पडल्या हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९५३ च्या हवाई निगम कायद्याने आठ खाजगी कंपन्या एकत्र करून देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे सोपवली. निजामाचे सरकार आणि टाटा यांनी मिळून काढलेली हैदराबादची डेक्कन एअरवेज ही त्या आठांपैकीच एक होती. एकाधिकार मिळालेल्या या सरकारी निगमाकडे विमाने कमी आणि मागणी जास्त अशी स्थिती कायम राहिली, तेव्हा मोठ्या शहरांना झुकते माप मिळाले. लहान गावांसाठी १९८१ मध्ये काढलेली वायुदूत ही सेवा तोट्यात रुतून १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, आणि तिच्यासाठी सजवलेले विमानतळ पुन्हा सुने झाले. १९९० नंतर ‘एअर टॅक्सी’ या नावाखाली खाजगी कंपन्यांना वाट मोकळी करून देण्यात आली, तिच्यातून ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट, सहारा अशा कंपन्या आल्या, आणि १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला. नव्या कंपन्यांपैकी बहुतेक अल्पायुषी ठरल्या. ज्या टिकल्या त्यांनी उत्तम जेवण आणि अदबशीर सेवा देऊन इंडियन एअरलाइन्सचेच गिऱ्हाईक ओढले. ते गिऱ्हाईक म्हणजे स्वतःच्या खिशातून तिकीट न काढणारा सरकारी अधिकारी आणि कंपनीचा व्यवस्थापक. स्पर्धा आली, पण भाडे उतरले नाही. २००३ च्या सुमारास दिल्ली–बेंगळुरू एकेरी प्रवासाचे पूर्ण भाडे दहा हजार रुपयांच्या घरात होते, आणि शंभर कोटींच्या देशात वर्षाला देशांतर्गत विमानप्रवास दीड कोटीच्या आसपास होत होते. हा आकडा प्रवासांचा आहे, माणसांचा नव्हे; तोच मनुष्य वर्षातून दहा वेळा गेला तर दहा वेळा मोजला जातो.

कमी खर्चाच्या विमानसेवेचा आराखडा परदेशात तोपर्यंत पक्का झाला होता. टेक्ससमध्ये १९७१ साली सुरू झालेल्या साउथवेस्ट कंपनीने तो घडवला, नव्वदच्या दशकात आयर्लंडच्या रायनएअरने त्यातील उरलासुरला आराम काढून टाकला, आणि २००१ नंतर मलेशियातील एअर एशियाने तो आशियात आणला. त्याचे गणित अगदी साधे आहे. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा त्याचे भाडे, विमा आणि कर्मचाऱ्यांचे वेतन चालूच असते, उत्पन्न मात्र शून्य असते. म्हणून उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा वेळ तासावरून वीस-पंचवीस मिनिटांवर आणायचा. त्यासाठी जेवणाचे डबे चढवणे-उतरवणे बंद करायचे, आसनांचा एकच वर्ग ठेवायचा, एकाच जातीची विमाने घ्यायची म्हणजे सुटे भाग आणि वैमानिकांचे प्रशिक्षण एकाच प्रकारचे लागते, आणि तिकीट मध्यस्थाविना विकायचे. भाडे ठरलेले नसते. उड्डाणाचा दिवस जवळ येईल आणि आसने भरत जातील तसे ते चढते. पहिली काही आसने जवळजवळ फुकट दिली तरी चालते, कारण शेवटची आसने घाईच्या प्रवाशाकडून त्याची भरपाई करून देतात.

हा आराखडा भारतात जसाच्या तसा उतरणे शक्य नव्हते. कमी खर्चाच्या कंपनीला जिथे बचत करता येते ते खर्च, म्हणजे जेवण, दलाली, कागद आणि मनुष्यबळ, भारतात मुळातच तुलनेने लहान होते. मोठे खर्च होते ते इंधनाचे आणि विमानतळाच्या शुल्काचे, आणि ते दोन्ही सरकारच्या हाती होते. विमानाच्या इंधनावर राज्ये वीस ते तीस टक्क्यांपर्यंत विक्रीकर लावत असल्याने ते आंतरराष्ट्रीय भावाहून बरेच महाग पडे. येथेच नियमावलीतली पहिली फट कामी आली. २००२ मध्ये केंद्राने टर्बोप्रॉप विमानांना विकले जाणारे इंधन केंद्रीय विक्रीकर कायद्यातील ‘घोषित माला’त घातले, त्यामुळे त्यावर चार टक्क्यांहून अधिक राज्य-कर लावता येईना. टर्बोप्रॉप म्हणजे ज्यात झोतयंत्राच्या शक्तीने पंखा फिरतो असे विमान. ते जेटपेक्षा संथ उडते, पण कमी अंतरावर इंधन कमी पिते आणि आखूड धावपट्टीवर उतरते. पुढे २००४ मध्ये ऐंशीहून कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचे शुल्कही माफ झाले. दूरच्या प्रदेशांत सेवा जावी म्हणून दिलेल्या या सवलती होत्या. फ्रेंच-इटालियन बनावटीचे एटीआर-४२ हे विमान एअर डेक्कनने निवडले, ते या सवलतींच्या चौकटीत चपखल बसत होते. याच्या जोडीला १९९४ पासूनचा मार्ग-विभागणीचा नियम होता. मोठ्या शहरांमधील मार्गांवर जितकी आसने चालवायची, त्यांच्या ठरावीक हिश्शाइतकी ईशान्य भारत, काश्मीर आणि बेटे यांसारख्या अवघड मार्गांवर व उरलेल्या किरकोळ मार्गांवर चालवण्याची सक्ती त्यात होती. मोठ्या कंपन्यांना ही अट काट्यासारखी सलत होती. ज्या कंपनीचे सारे मार्ग मुळातच किरकोळ वर्गातले, तिला तिचा जाच नव्हता.

पहिले मार्ग पाहिले की हे धोरण स्पष्ट होते. बेंगळुरूहून हुबळी आणि मंगळूर, हैदराबादहून विजयवाडा व राजमहेंद्री, अशा जोड्यांमध्ये प्रतिस्पर्धी विमान कंपनी क्वचितच होती. स्पर्धा होती ती रात्रीच्या बसगाडीशी आणि आगगाडीच्या वातानुकूलित डब्याशी. त्यातही बस हा दुबळा प्रतिस्पर्धी नव्हता. बेंगळुरूजवळच्या होसकोटे येथे व्होल्वोच्या बसगाड्यांची बांधणी नुकतीच सुरू झाली होती, आणि सुवर्ण चतुष्कोनामुळे पुणे–कोल्हापूर–बेळगाव–हुबळी–बेंगळुरू हा रस्ता चौपदरी होत होता. पुण्या-कोल्हापुराकडची जी तरुण मंडळी संगणक कंपन्यांत नोकरीसाठी बेंगळुरूला आली होती, त्यांच्यासाठी दिवाळीला घरी जाण्याचे खात्रीचे साधन म्हणजे हीच बसगाडी. मुंबईला जाणारी उद्यान एक्सप्रेस जवळपास एक पूर्ण दिवस घेई. वेळेची किंमत कळणारा, पण विमानाचे भाडे न परवडणारा पगारदार वर्ग देशात अन्यत्रही होता. बेंगळुरूत तो एकाच शहरात दाटला होता, आणि संगणकावर तिकीट काढण्याची त्याला भीती नव्हती.

हैदराबाद–विजयवाडा या उद्घाटनाच्या उड्डाणात विमान जमिनीवर असतानाच इंजिनातून आग निघाली. विमानात राजकीय पाहुणे आणि पत्रकार असल्याने तिचा बोभाटा झाला. कोणाला इजा झाली नाही, आणि तोट्याचा म्हणावा असा परिणामही दिसला नाही. नवीन कंपनीचे नाव देशभर झाले, हा काहीसा अनपेक्षित लाभ. सेवा मात्र पहिल्यापासूनच रोखठोक होती. छापील तिकीट नव्हते, आसनक्रमांक नव्हता, पाणीसुद्धा विकत घ्यावे लागे. दार उघडले की प्रवासी एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशा लगबगीने आत शिरत, आणि विमानात असे वागणे बरे नव्हे असे मानणाऱ्या जुन्या प्रवाशांनी यावर वृत्तपत्रांतून बरेच तोंडसुख घेतले. विमानाच्या अंगावरची जागाही जाहिरातींसाठी विकली जाई. बोधचिन्ह म्हणून कंपनीने आर. के. लक्ष्मण यांचा ‘सामान्य माणूस’ घेतला. चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला, आयुष्यभर सत्ताधाऱ्यांचे तमाशे मुकाट पाहणारा हा गृहस्थ विमानात बसू शकतो, हे सांगायला दुसऱ्या शब्दांची गरज नव्हती. म्हैसूरला जन्मलेल्या आणि मुंबईत घडलेल्या या व्यंगचित्रकाराचे हे पात्र कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्हींच्या परिचयाचे होते, हेही सोयीचे ठरले.

तिकीटविक्रीचा प्रश्न अधिक अवघड होता आणि त्यावरचा तोडगाच या कंपनीचा सर्वांत अस्सल देशी भाग म्हणावा लागेल. परदेशी कंपन्यांचा संकेतस्थळावरील विक्रीचा मार्ग क्रेडिट कार्डावर अवलंबून होता, आणि भारतात तेव्हा कार्ड असलेला मनुष्य बहुधा आधीच विमानाने फिरत असे. नवा प्रवासी रोखीत व्यवहार करणारा होता. म्हणून दूरध्वनी केंद्रासोबत पेट्रोल पंपांवर आणि टपाल कचेऱ्यांतही तिकिटे ठेवण्यात आली. हिंदुस्थान पेट्रोलियमच्या पंपावर दुचाकीत पेट्रोल भरता भरता विमानाचे तिकीट काढता येते, ही गोष्ट त्या काळी चमत्काराइतकी नवी होती. २००४ मध्ये जेट जातीची एअरबस ए-३२० विमाने घेऊन कंपनी दिल्ली–बेंगळुरूसारख्या मोठ्या मार्गांवर उतरली. त्यावर काही आसने ५०० रुपयांना निघाली, आणि नंतर काही आसनांचे भाडे एक रुपयावर आले. कर आणि अधिभार वेगळे भरावे लागत, त्यामुळे प्रत्यक्षात खिशातून जाणारी रक्कम बरीच मोठी असे. तरीही त्या एका रुपयाने भाड्याबद्दलची जनतेची समजूत कायमची बदलली.

मोठ्या मार्गांवर उतरण्याचा निर्णय हा कंपनीच्या इतिहासातील कळीचा निर्णय होय, आणि तो चुकीचा होता असे आज मागे वळून पाहता म्हणता येते. ए-३२० ला इंधनाची सवलत नव्हती, उतरण्याचे शुल्क माफ नव्हते, आणि समोर प्रतिस्पर्धी होते. २००५ च्या मे महिन्यात बेंगळुरूचीच किंगफिशर आणि दिल्लीची स्पाइसजेट, त्याच वर्षाअखेर गोएअर आणि ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो, अशा कंपन्या पाठोपाठ आल्या. साऱ्यांनी भाडी पाडली, वैमानिक आणि अभियंते एकमेकांकडून पळवले, आणि मुंबई-दिल्लीच्या आकाशात विमाने घिरट्या घालत इंधन जाळू लागली. शिवाय एटीआर आणि एअरबस अशा दोन जातींचा ताफा म्हणजे दोन प्रकारचे सुटे भाग, दोन प्रकारचे प्रशिक्षण. कमी खर्चाच्या आराखड्यातील पहिला नियमच त्यामुळे मोडला. उशिरा सुटणारी आणि रद्द होणारी उड्डाणे ही नित्याची तक्रार झाली. मे २००६ मध्ये कंपनीने भागविक्री काढली ती नेमकी शेअर बाजार कोसळत असताना. भाव उतरवून आणि मुदत वाढवून ती कशीबशी पूर्ण झाली. चाळीसहून अधिक विमाने आणि साठहून अधिक ठिकाणे असलेली ही कंपनी प्रवासीसंख्येत देशातील अग्रगण्य कंपन्यांत गणली जात असतानाच शेकडो कोटींच्या तोट्यात होती.

विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने २००७ च्या मे अखेरीस कंपनीतील २६ टक्के हिस्सा ५५० कोटी रुपयांना घेतला. याच समूहाच्या, थाटाची सेवा देणाऱ्या किंगफिशरने रोखठोक डेक्कन का घ्यावी, याचे उत्तर पुन्हा नियमावलीत आहे. २००४ च्या डिसेंबरात सरकारने ठरवले होते, की पाच वर्षे देशांतर्गत सेवा दिलेल्या आणि वीस विमाने असलेल्या कंपनीलाच परदेशी उड्डाणे करता येतील. ‘पाच-वीस’ या नावाने हा नियम ओळखला गेला. किंगफिशरची पाच वर्षे मे २०१० मध्ये भरणार होती, डेक्कनची ऑगस्ट २००८ मध्ये. विलीनीकरणही त्याच हिशोबाने झाले: कागदोपत्री किंगफिशरचा व्यवसाय डेक्कन एव्हिएशनमध्ये मिसळला आणि मग त्या कंपनीचे नाव बदलून किंगफिशर एअरलाइन्स ठेवण्यात आले. सप्टेंबर २००८ च्या आरंभी बेंगळुरू–लंडन हे पहिले परदेशी उड्डाण झाले. एअर डेक्कनचे नाव आधी ‘सिंप्लीफ्लाय डेक्कन’, मग ‘किंगफिशर रेड’ झाले. सप्टेंबर २०११ मध्ये ती स्वस्त शाखा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये मूळ कंपनीचीच उड्डाणे थांबली. कायद्याच्या दृष्टीने तेव्हा जमिनीवर आली ती जक्कूरहून हेलिकॉप्टरे उडवणारी जुनी कंपनीच.

विलीनीकरणाच्या सुमारास शहराचा विमानतळही हलला. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला, आणि करारानुसार हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानतळ नियमित प्रवासी वाहतुकीला बंद करण्यात आला. नवा विमानतळ शहराच्या मध्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. दिल्लीच्या प्रवाशाला त्याचे फारसे काही वाटत नाही. तासाभराच्या हुबळी किंवा मंगळूर उड्डाणासाठी दोन तास वाहतुकीत काढावे लागले, की रात्रीची बस पुन्हा बरी वाटू लागते. करारात आणखी एक कलम होते: म्हैसूर आणि हासन वगळता, दीडशे किलोमीटरच्या आत पंचवीस वर्षे, म्हणजे २०३३ पर्यंत, दुसरा विमानतळ होऊ द्यायचा नाही. लंडन-मिलानसारख्या शहरांत स्वस्त कंपन्या दुय्यम विमानतळांवर जगल्या. बेंगळुरूत तो मार्ग कागदावरच बंद झाला.

२०१२ मध्ये परदेशी विमान कंपन्यांना भारतीय कंपन्यांत ४९ टक्क्यांपर्यंत गुंतवणुकीची मुभा मिळाली, आणि तिचा लाभ घेत टाटांसह आलेल्या एअर एशिया इंडियाने १२ जून २०१४ रोजी बेंगळुरू–गोवा हे पहिले उड्डाण केले. या वेळी ए-३२० हे एकाच जातीचे विमान होते आणि डेक्कनच्या चुका टाळल्या होत्या. तरी इंडिगोने व्यापलेल्या बाजारात तिला फार वाव मिळाला नाही. पाच-वीस नियमातील पाच वर्षांची अट २०१६ मध्ये निघाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ही कंपनी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली.

लहान गावांचा धागा मात्र महाराष्ट्रात पुन्हा हाती घेतला गेला. केंद्राच्या ‘उडान’ योजनेत तासाभराच्या उड्डाणातील काही आसनांचे भाडे सुमारे अडीच हजारांवर बांधून तोटा सरकारने भरून द्यायचा होता. गोपीनाथ यांनी या योजनेखाली एअर डेक्कन हेच नाव घेऊन डिसेंबर २०१७ मध्ये जळगाव आणि नाशिकहून, आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरहूनही मुंबईची सेवा काढली. विमाने होती एकोणीस आसनी बीचक्राफ्ट. अडचण मुंबईत होती. गर्दीच्या विमानतळावर उतरण्या-उडण्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक वेळेला ‘स्लॉट’ म्हणतात, आणि दीडदोनशे प्रवाशांचे विमान उतरू शकेल अशी वेळ एकोणीस जणांसाठी देण्यास मुंबई विमानतळाची चालक कंपनी उत्सुक नव्हती. सकाळी जाऊन कामे उरकून संध्याकाळी परतायचे असेल, तर वेळ गैरसोयीची असून चालत नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत सेवा बेमुदत थांबली आणि कर्मचाऱ्यांना विनावेतन रजेवर पाठवण्यात आले.

चार वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, किंगफिशरमध्ये वरिष्ठ पदावर काम केलेले मनोज चाको यांच्या फ्लाय-९१ या गोव्यातील कंपनीने एटीआर-७२ विमानांनी मोपा आणि सिंधुदुर्गहून बेंगळुरूची सेवा सुरू केली, आणि पुढे जळगावही तिच्या नकाशावर आले. विमान टर्बोप्रॉप जातीचे, गावे तशीच लहान, आणि विमानाचे इंधन अद्याप वस्तू व सेवा कराबाहेर असल्याने त्यावरचा कर ठरवणेही पूर्वीप्रमाणेच राज्यांच्या हाती आहे.